शेवटून दुसरं बटण

मामींचा मेल आला तेव्हा त्या कोण हे मला ठाऊक नव्हतं; आधी वाटलं, कुणीतरी जुन्या वळणाचं पत्र गंमत म्हणून टाइप करून पाठवलंय. "आपल्या लिहायच्या पेटीत अक्षर बसतें, परंतु पेटीतून बाहेर येणें फार कष्टाचें आहे. बटण म्हणून जें आहे तें आपलें नांव सांगत नाहीं. कृपया पाहावें." खाली सही, आणि कंसात एकच ओळ, की आपल्याला दिसत नाही.

मी चेन्नईत अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कंपनीत काम करते. खालच्या मजल्यावर पत्रा कापण्याचा कारखाना आहे, वर आम्ही. भारतीय भाषांतून ब्लॉग लिहिण्याची एक साइट चालवतो. तमिळ लिहिणारे सगळ्यात जास्त, मग तेलुगू, कन्नड, आणि थोडे मराठी. मी मूळची सांगलीची, त्यामुळे मराठीत आलेली तक्रार माझ्याकडे येते. ही तक्रार तर तशीही माझ्याकडेच आली असती, कारण ज्या पेटीत माणसं लिहितात तो एडिटर माझा होता. पहिल्या ओळीपासून मी लिहिलेला. नोकरीच्या मुलाखतींत मी तो अभिमानाने उघडून दाखवायचे.

अर्ध्या तासाचं काम असेल असं मला वाटलं. पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मी लॅपटॉपवर सुरू केला, कानात हेडफोन घातले आणि पडदा बंद केला. अंधारात एक पोस्ट लिहायची, प्रकाशित करायची, एवढंच ठरवलं होतं.

आवाज म्हणाला, "बटण." मी पुढे गेले. "बटण." पुढे. "बटण. बटण. बटण." चौदा वेळा. ठळक, तिरपं, दुवा, चित्र, सगळी माझी सुबक चिन्हं, आणि एकालाही नाव नव्हतं. कशीबशी लिहायच्या जागेत पोचले, एक वाक्य लिहिलं, आणि बाहेर पडायला टॅब दाबला. टॅबने बाहेर नेण्याऐवजी ओळीत मोकळी जागा सोडली. पुन्हा दाबला, पुन्हा जागा. तेही मीच केलं होतं. कवींना ओळी आत सरकवता याव्यात म्हणून. वीस मिनिटांनी मी पडदा चालू केला तेव्हा माझं वाक्य कुठेच नव्हतं. कधीतरी कुठलंतरी बटण दाबलं जाऊन ते पुसलं गेलं होतं आणि मला ते कळलंही नव्हतं.

हात कीबोर्डवरून काढून मी बसून राहिले. सहा वर्षं हा एडिटर माझ्या हातात होता, आणि त्या सहा वर्षांत एकदाही मी तो कानांनी ऐकला नव्हता.

मॅनेजरना मी सांगितलं तेव्हा त्यांनी साहजिक विचारलं, असे लिहिणारे किती असतील. मी म्हटलं, ज्यांना आत येता येत नाही ते मोजणार कसे. ते म्हणाले, सहा आठवडे घे, पण आधी त्या बाईंना जाऊन भेट, त्या कसं वापरतात ते बघ. तो सल्ला चांगला होता. त्यातून काय निघणार आहे याची दोघांनाही कल्पना नव्हती.

मामी एग्मोरला स्टेशनच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. मी त्यांना फोनवर काकू म्हटलं तर म्हणाल्या, इथे सगळे मला मामी म्हणतात, तुम्हीही म्हणा. त्यांचं घराणं तंजावरचं. कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं आणि घरात मराठी टिकवलेलं. त्या शाळेत गणित शिकवायच्या. काचबिंदूने आधी एक डोळा गेला, मग दुसरा, आणि निवृत्तीला चार वर्षं असताना त्यांनी नोकरी सोडली. यजमान वारलेले, मुलगा परदेशात. सकाळ-दुपार एक स्वयंपाकीण येते, तिच्याशी तमिळ.

मी सोफ्यावर बसले आणि आपल्या शाळेतल्या मराठीत बोलू लागले. त्या मान किंचित वाकडी करून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुमची मराठी पुस्तकांतली. आमची घरांतली. पर्वा नाहीं, कळतें." हे 'पर्वा नाही' म्हणजे तमिळ 'परवाइल्लै'चं मराठी रूप, चालेल, हरकत नाही. पहिल्यांदा ऐकलं की माणूस दचकतो.

त्यांनी लॅपटॉप उघडला. स्क्रीन रीडर इतक्या वेगाने बोलत होता की मला शब्द कळेनात. त्यांना सगळे कळत होते. टॅबच्या सापळ्यातून सुटायची वाट त्यांनी स्वतःच शोधली होती. स्क्रीन रीडरची एक कळ आहे, ती दाबली की पानावरच्या एका बटणावरून पुढच्या बटणावर उडी मारता येते. बटणांना नावं नाहीत, म्हणून त्यांनी ती मोजून ठेवली होती. गणिताच्या बाई त्या. चौथं म्हणजे दुवा, नववं म्हणजे चित्र, आणि शेवटून दुसरं म्हणजे पोस्ट लावायचं. हे शेवटचं मुलाने दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर आला असताना शिकवलं होतं. तेव्हा त्यांनी एक छोटी पोस्ट लिहून लावलीसुद्धा होती आणि मुलाने फोनवर उघडून, हो अम्मा, आलं, असं सांगितलं होतं. त्याला देवनागरी वाचता येत नाही. पण पान आलेलं त्याने पाहिलं होतं.

"बघा," असं म्हणून त्यांनी दोन ओळी टाइप केल्या, बटणं मोजली आणि एंटर दाबला. टिंग असा आवाज झाला.

"लागलें," मामी म्हणाल्या.

मी त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत होते. ते लागलं नव्हतं. ते मसुद्यांत जाऊन बसलं होतं. बाजूच्या यादीत त्यांच्या पोस्ट एकाखाली एक होत्या आणि प्रत्येकीपुढे राखाडी ठिपका होता. हिरवा ठिपका म्हणजे प्रकाशित, राखाडी म्हणजे मसुदा. शब्द कुठे नव्हताच, नुसता रंग. मी यादी खाली सरकवत गेले. राखाडी, राखाडी, राखाडी. अगदी तळाशी, दोन वर्षांपूर्वीचा, एकच हिरवा.

मी माझ्या फोनवर त्यांचं पान उघडलं, जगाला दिसतं तसं. त्यावर एकच पोस्ट होती. चार ओळींची. त्याखाली पांढरं.

काय झालं असणार ते मला त्याच क्षणी कळलं. दोन वर्षांपूर्वी काही जणांनी तक्रार केली होती, की जतन करायला जातो आणि चुकून पोस्ट प्रकाशितच होते. मी दोन बटणांच्या जागांची अदलाबदल केली. प्रकाशित करायचं बटण शेवटी नेलं, जतन करायचं त्याच्या आधी आणलं. तीन ओळींचा बदल, एका दुपारचा. वर पुन्हा गोड वाटावं म्हणून दोन्हींना तोच टिंग ठेवला. ज्यांना दिसतं त्यांनी दोन दिवस कुरकुर केली आणि मग त्यांना सवय झाली. मामींचं शेवटून दुसरं बटण मात्र त्या दुपारपासून दुसरंच बटण झालं होतं.

त्या विचारत होत्या, वाचणारे पुष्कळ असतील ना, अभिप्राय कोणी लिहीत नाही, आपल्या लोकांना लिहायचा कंटाळा. कॉफी अर्धी टाकून, ऑफिसचा फोन आलाय असं खोटं सांगून मी बाहेर पडले. स्टेशनच्या पुलावर गर्दीत मी कठड्याला धरून उभी राहिले, आणि एक माणूस तमिळमध्ये विचारून गेला, बरं वाटत नाही का, पाणी हवंय का.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणाले, सोपं आहे, सगळ्या पोस्ट ज्या त्या तारखेने आपण सर्व्हरवरून प्रकाशित करून टाकू, त्यांना कळणारही नाही. त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. म्हाताऱ्या बाईंना धक्का नको, असंच त्यांना वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर मी आदल्या संध्याकाळीच सर्व्हरला द्यायची तशी आज्ञा लिहून ठेवली होती. फक्त चालवायची बाकी होती. ती मी दोन दिवस उघडून पाहत राहिले. मग माझ्या लक्षात आलं, की ज्या कोणी या दोन वर्षांत ते पान उघडलं असेल त्याला ते रिकामंच दिसलं होतं. जुन्या तारखा घालून ते बदलत नाही. उलट त्या जुन्या तारखा मामींच्या नावावर खोटं बोलल्या असत्या. मी ती आज्ञा पुसली आणि शनिवारी सकाळी एग्मोरला गेले.

मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, बटणांची अदलाबदल, ठिपके, टिंग, आणि हे सगळं करणारी मीच, हेही. मामींचे हात मांडीवर होते.

मग म्हणाल्या, "म्हणजे अक्कानें वाचलें नाहीं."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, तंजावरलाच असते. त्या दिवशी मामींनी मला जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. आठ वर्षांपूर्वी त्यांची आई तंजावरला, अक्काकडे, आजारी पडली. मामींची दृष्टी तेव्हा नुकतीच पूर्ण गेली होती. अक्काने विचार केला, हिला दिसत नाही, एकटी येणार कशी, येऊन करणार काय. उगीच धावपळ नको. आई गेली, आणि मामींना फोन गेला तो सगळं उरकल्यावर. मामी एवढंच बोलल्या, की मला दिसत नाही, पण हात धरता आला असता. त्यानंतर त्यांनी अक्काशी बोलणं बंद केलं. सहा वर्षं. मग राग निवत आला, पण फोन करायचा धीर होईना. मुलाने ब्लॉग उघडून दिला तेव्हा त्यांनी पहिली पोस्ट लिहिली आणि भाच्याकडून, म्हणजे अक्काच्या मुलाकडून, तिला पानाचा पत्ता पाठवला. तोंडाने जे बोलता येत नव्हतं ते तिथे लिहायचं ठरवलं. बालपणीचं घर, आईच्या हातचं, शाळा, डोळे जातानाची ती वर्षं. आणि एका पोस्टमध्ये, मला आता राग नाही, ये. त्याला दीड वर्ष झालं होतं. अक्का आली नाही, फोनही नाही. मामींनी मनाशी धरलं, ती वाचते, पण तिचा राग गेलेला नाही.

"त्या चार ओळी वाचा," मामी म्हणाल्या.

मी फोन काढला आणि वाचल्या. "हें माझें पान. अक्का, तुला जें सांगायचें राहिलें तें सगळें मी इथें सांगणार आहे. तूं वाच. वाचून झाल्यावर काय तें बोल." मामींनी पाणी मागितलं. मी आणून दिलं. ते त्यांनी हातातच धरून ठेवलं आणि म्हणाल्या, आता तुम्ही जा.

मला वाटलं, संपलं. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. काम कुठवर आलं, असं त्यांनी विचारलं.

पुढचे पाच आठवडे त्या माझ्या सर्वांत कडक परीक्षक होत्या. मी बटणांना नावं दिली. त्या म्हणाल्या, नावं फार लांब आहेत, ऐकता ऐकता विसरायला होतं. मी टॅबचा सापळा काढला. यादीत ठिपक्यांशेजारी 'मसुदा' आणि 'प्रकाशित' असे शब्द आले. ठळक अक्षर सुरू झालं की एडिटर आता तसं बोलून सांगायचा. जोडाक्षरावरून मागे येताना त्याचे तुकडे पडून ऐकू यायचे, त्यावर चार दिवस गेले. आणि पोस्ट लागली की आवाज नाही, वाक्य: 'पोस्ट प्रकाशित झाली, पान उघडायचं का?' हे वाक्य मामींनीच सुचवलं. कुठलं बटण कुठे हे आता मोजायची गरज नव्हती, तरी सवयीने त्या मोजत आणि एखादं हललं की मला जाब विचारत.

याच दिवसांत मी आणखी एक गोष्ट केली, जी करायला मला भीती वाटत होती. ज्यांचे मसुदे पुष्कळ आणि प्रकाशित काहीच नाही, किंवा एखादंच, अशा लोकांची यादी काढली. ती एका पडद्यावर मावली नाही. त्यांत स्वतःपुरतं लिहिणारेही असतील, मला ठाऊक नाही. आम्ही प्रत्येकाला पत्र लिहिलं. काहींची उत्तरं आली. कोवलमच्या एका मासेमाराने लिहिलं होतं, की त्याची नजर अधू आहे, होडीवरचं तो गेली दोन वर्षं लिहितोय, आणि पानावर काहीच दिसत नाही म्हणून गावातले लोक त्याला खोटारडा म्हणतात. ते पत्र मी वॉशरूममध्ये जाऊन दुसऱ्यांदा वाचलं.

नवा एडिटर सुरू झाला तेव्हा मी मामींना विचारलं, सगळ्या एकदम लावून देऊ का.

"तुम्ही नको लावूं," त्या म्हणाल्या. "माझें मी लावतें."

त्यांनी पहिल्यापासून एकेक पोस्ट ऐकली. रोज दोन-तीन. सुरुवातीच्या काही त्यांनी पुसून टाकल्या. त्यांत काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही, पण पुसताना त्यांचा चेहरा कडक असायचा. लागल्या नाहीत ते बरं झालं, असं त्या म्हणतील अशी मी वाट पाहत होते. ते त्या कधीच म्हणाल्या नाहीत. बाकीच्या आजच्या तारखेने लावल्या, आणि वर एक छोटी टीप: हें मागेंच लिहिलें होतें, आज लागत आहे.

आठवडाभर काही झालं नाही. मग एका सकाळी मामींच्या घरचा फोन वाजला. दोघी बहिणी काय बोलल्या ते मला माहीत नाही. मामींनी मला इतकंच कळवलं, अक्का शनिवारी येते आहे, तुम्ही यावं.

अक्का ठेंगणी, करारी, हातात कापडी पिशवी. मी गेले तेव्हा दोघी एकाच सोफ्यावर बसल्या होत्या, पण मध्ये एका माणसाची जागा सोडून. अक्काने माझ्याकडे पाहून विचारलं, ही कोण.

मामी म्हणाल्या, "ऑफिसांतली. लिहायची पेटी हिनेंच केली."

"जुनी कीं नवी?"

"दोन्ही."

अक्का माझ्याकडे बघत राहिली. मी मान खाली घातली. मग ती मला नव्हे, मामींना सांगू लागली, की मुलाने पत्ता दिल्यापासून ती दर शुक्रवारी, पूजा झाली की, ते पान उघडायची. दोन वर्षं, एकही शुक्रवार न चुकवता. प्रत्येक वेळी त्याच चार ओळी. तूं वाच. आणि खाली काही नाही. तिला वाटलं, हीच शिक्षा आहे. आपण आईचं कळवलं नाही, म्हणून धाकटीने मुद्दाम पान कोरं ठेवलंय, की बघ, न कळवणं कसं असतं ते.

"मी तरी उघडत होतें," अक्का म्हणाली.

इतक्या दिवसांत मामींनी सगळं कल्पून पाहिलं होतं, अक्का रागावलेली, अक्का आजारी, अक्काने पान उघडलंच नसेल. हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी ते सगळे शुक्रवार मोजायचा प्रयत्न करत होते. ते जमेना.

मामींनी हात पुढे केला. तो आधी पिशवीला लागला, मग अक्काच्या मनगटाला, आणि तिथेच थांबला. अक्का मधल्या जागेत सरकली.

थोड्या वेळाने मामींनी विचारलं, आईचे शेवटचे दिवस कसे गेले. हे त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं आणि अक्काने कधी सांगितलं नव्हतं. अक्का सांगू लागली, आधी अडखळत. मामींनी तिला थांबवलं, लॅपटॉप मांडीवर ओढला आणि म्हणाल्या, सावकाश सांग. अक्का एक वाक्य बोलायची, मामी ते टाइप करायच्या, स्क्रीन रीडर त्याच्या भरधाव आवाजात ते परत वाचायचा आणि अक्का दर वेळी दचकायची. आई शेवटी काय खायला मागत होती, इथपर्यंत ते आलं. अक्का म्हणाली, ताकभात. मामी म्हणाल्या, ताक तिला कधीच चालायचं नाही. अक्का म्हणाली, शेवटी शेवटी चालायचं, तुला काय माहीत. मग मामींनी ताकभात टाइप केलं.

मी चपला घातल्या. जाते म्हणून सांगितलं, पण दोघींनाही ते ऐकू गेलं नसावं. मी दार हलकेच ओढून घेतलं आणि अंबत्तूरच्या बसला गेले. मासेमाराला उत्तर लिहायचं राहिलं होतं.